टिंब नसलेल्या फायली

आमच्या वहिनी घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढतात. मग फाटकापासून परत येऊन चौथ्यांदा. "जीव जाईल एक दिवस त्या कुलपाचा," मी म्हणायचे. दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये एकोणीस वर्षं काढली की माणसाचं असं होतं, असं दादाचं मत. मला विचाराल तर त्या जन्मल्याच तशा.

त्या मंगळवारी मात्र धास्ती मला होती. माझ्या फुफ्फुसात डाग दिसला होता. डॉक्टर म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी न्यूमोनियात तुमचा स्कॅन झाला होता ना? तेव्हाही डाग एवढाच असेल तर सोडून देऊ. तो स्कॅन मिळाला नाही तर कापून बघावं लागेल."

स्कॅन मिळत नव्हता. गेल्या आठवड्यात वहिनींनीच रेकॉर्ड रूमच्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या फायली नव्या मशीनवर नेल्या होत्या. जुनं अजून तारेनं जोडलेलं होतं, पण दोन वाजता त्याची डिस्क पुसायला माणूस येणार होता. पावणेदोन झाले होते. मी रेकॉर्ड रूममध्ये येरझारा घालत होते.

"सगळं आणलंय हो, वन्सं. तीनदा मोजलंय. तिकडे जेवढ्या, इकडे तेवढ्याच."

माझं डोकं फिरलं. "तीनदा मोजता, पण तेच ते! घरीसुद्धा पुढचंच कुलूप ओढत बसता. मागच्या दाराला कधी हात लावलाय?"

बोलले आणि जीभ चावली. वहिनी रागावल्या नाहीत. स्क्रीनकडे बघत राहिल्या. तिथे त्यांच्या हातात बसलेली कमांड होती, स्टार डॉट स्टार. स्टार म्हणजे कुठलीही अक्षरं, डॉट म्हणजे टिंब. जुन्या मशीनवर तिचा अर्थ सगळ्या फायली, नावात टिंब असो वा नसो. नवं मशीन शब्दाला पक्कं. टिंब लिहिलंय ना, मग टिंबवाल्याच उचलणार, आणि उरलेल्यांबद्दल चकार शब्द काढणार नाही. आधीचा स्कॅनर तर फायलींना नावं म्हणून नुसते आकडे द्यायचा, टिंब नाहीच. वहिनींनी ज्या चाळणीतून फायली नेल्या, त्याच चाळणीतून, नव्या मशीनवर बसूनच, दोन्हीकडच्या मोजल्याही होत्या.

त्यांनी डॉट खोडला, पुढचा स्टार खोडला. उरला एकच स्टार. नुसत्या आकड्यांची नावं भराभरा वर सरकू लागली, थांबेचनात.

दारात डिस्कवाला येऊन उभा राहिला. "आज नाही," म्हणत वहिनींनी खुर्ची जुन्या मशीनच्या पुढ्यात आडवी ओढली.

डॉक्टरांनी सापडलेला जुना स्कॅन नव्याशेजारी लावून डाग मोजला. परत मोजला. "तेवढाच आहे."

मला रडू फुटलं. वहिनी म्हणाल्या, "माझ्या हातून पुसलं गेलं असतं, वन्सं. चार हजार माणसांचं."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी कुलूप एकदाच ओढलं आणि घराला वळसा घालून मागे गेल्या. मी फाटकाशी थांबले. मागून कडी लावल्याचा आवाज आला. म्हणजे इतकी वर्षं ते दार उघडंच होतं.