आठ मोजेपर्यंतचा श्वास

बॅटरीवरच्या सिगरेटची तिसरी कॉइलही जळाली, तेव्हा सेल्विन ब्रॉडबेंटने तो व्हेप भिंतीवर फेकला नाही. ब्रेडच्या डब्यावर ठेवला. अगदी अलगद. डोरीनला त्याचीच भीती वाटली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात नवरा अलगद वागला की पुढे काहीतरी मोठं फुटायचं.

"परत?" तिने विचारलं.

"ओढून बघ. जळक्या उशीसारखं लागतंय."

"मी कधी उशी ओढली नाही बाबा."

सेल्विन सदुसष्ट वर्षांचा. दगडाच्या खाणीवर त्याने बत्तीस वर्षं ट्रक चालवला. पण गावात त्याला ट्रकवाला म्हणून कोणी ओळखत नाही. चौदाव्या वर्षापासून तो गावच्या ब्रास बँडमध्ये युफोनियम वाजवतो. लेकरासारखं पोटाशी धरायचं ते मोठं पितळी वाद्य. सिगरेटही बँडनेच शिकवली. तालमीच्या मध्यंतरात सगळे मागच्या दाराशी उभे राहायचे, आणि ज्याचा हात रिकामा तो बावळट दिसायचा. पन्नास वर्षं त्याने स्वतःच्या हाताने वळून ओढली.

गेल्या हिवाळ्यात फुप्फुसांनी हात टेकले. मिरवणुकीच्या स्तोत्रात त्याचा एकट्याचा एक तुकडा आहे. चार-चार ठोक्यांची सहा मापं, एका श्वासात. पाचव्या मापाला दम तुटला. सगळ्यांनी ऐकलं. बँडचा मास्तर ओवेन. त्याला पहिला सूर सेल्विननेच काढायला शिकवला होता. तो महिन्याभराने म्हणाला, "व्हिट फ्रायडेच्या आदल्या आठवड्यात पुन्हा ऐकतो, सेल्विन. दम टिकला तर तुकडा तुमचा. नाही तर रूथ वाजवेल." रूथ त्याच्या शेजारी बसून दुसरं युफोनियम वाजवायची.

व्हिट फ्रायडेला, उन्हाळ्याच्या तोंडावरच्या त्या सणाला, डोंगरातली सगळी गावं रस्त्यावर असतात. सकाळी चर्चची मिरवणूक, संध्याकाळी बँडच्या स्पर्धा. त्या सकाळचा तो तुकडा एकोणीस वर्षं सेल्विनचा होता.

त्याने सिगरेट सोडली. सात आठवडे झाले. व्हेपवर भागवत होता. तंबाखूची डबी मात्र फेकली नव्हती, कोटाच्या डाव्या खिशात होती. डोरीनला ते ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. व्हेप जळका लागला की हात आपोआप डाव्या खिशाकडे जायचा. आज तर बोटांनी झाकण अर्धं उघडलंही होतं.

तो तसाच व्हेपच्या दुकानात गेला. दुकान पूर्वी कसायाचं होतं, फरश्या अजून तशाच पांढऱ्या. टॅमझिन काउंटरमागे उभी होती. तिची आई बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटी तुतारी, वाजवते, म्हणून सेल्विन तिला दुपट्यात असल्यापासून ओळखत होता.

"हे घे तुझं यंत्र," तो म्हणाला. "सिगरेटला एक काडी लागते. याला इंजिनियर लागतो."

टॅमझिनने कॉइल, आतली तापणारी तार, उपसून पाहिली. आतला कापूस काळा पडला होता.

"कॉइल बदललीत ना? आधीची एक पॉइंट दोन ओहमची होती, ही पॉइंट सहाची. ही तार निम्मंच अडवते. आणि तुम्ही व्होल्ट ठेवलेत तेच. चार."

"चारवर मस्त चालत होतं."

"जुन्या तारेवर. तेव्हा तेरा वॅट पडत होते, आता सव्वीस पडतायत. कापूस जळणार नाही तर काय गाणार?"

सेल्विनने डोळे मिटले. "थांब. व्होल्ट म्हणजे मी किती जोराने फुंकतो. ओहम म्हणजे नळी किती अरुंद. आणि वॅट म्हणजे शेवटी आवाज किती मोठा येतो."

"आवाज नाही, उष्णता. पण बरोबर."

"मग तीन-तीन आकडे कशाला? ओवेन फक्त म्हणतो, हळू."

"म्हणूनच वॅटवर लावून देते. व्होल्ट किती लागतात ते यंत्र स्वतःच बघेल. या नव्या कॉइलवर लिहिलंय अठरा ते तेवीस. मी अठरावर ठेवलंय. हात लावायचा नाही."

"मला कुत्र्यासारखं नको सांगू, पोरी."

काउंटरसमोर त्याने लाजत दोन छोटे झुरके घेतले. पुदिन्याची चव आली. स्वच्छ. तो खूश होऊन घरी गेला. मंगळवारी संध्याकाळी चौथी कॉइल जळाली.

बुधवारी तो पुन्हा काउंटरवर. दोघंही वैतागलेली.

"रस भरल्यावर तो कापसात मुरायला दहा मिनिटं थांबलात?"

"वीस."

"वॅट वाढवले?"

"हात लावायचा नाही म्हणाली होतीस."

"ओढून दाखवा," नवी कॉइल बसवून ती म्हणाली.

त्याने छोटासा झुरका घेतला. नव्या कॉइलवर काही बिघडलं नाही.

"घरी असंच ओढता?"

"मग कसं ओढतात? नाकाने?"

टॅमझिनने यंत्र उलटंसुलटं केलं, हवेचं भोक फुंकून साफ केलं आणि परत दिलं. काय चुकतंय ते तिलाही कळेना, आणि त्याचा तिला जास्त राग आला.

गुरुवारी तालीम होती, ओवेन तुकडा पुन्हा ऐकणार होता तीच. मध्यंतरात सेल्विन मागच्या दाराशी उभा राहिला. तेवढ्यात टॅमझिन आईची विसरलेली स्वरांची वही घेऊन आली. सेल्विनने व्हेप ओठांना लावला होता. डोळे मिटलेले. उजव्या बुटाचं टोक फरशीवर पडत होतं. एक. दोन. तीन. चार. पाचाला त्याचा चेहरा कडू झाला. तरी तो आठपर्यंत ओढतच राहिला.

"पाय कशाला आपटताय?"

"मोजतोय." तो खोकला. "आठात घ्यायचा, आठात सोडायचा. श्वास असाच घेतात."

"आठ?" टॅमझिन पायरीवर बसलीच. "अहो, माणसं तीन मोजतात! तिसऱ्याला कापसातला रस संपतो. पुढचे पाच तुम्ही कोरडा कापूस भाजताय."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला काय स्वप्न पडणार? आठ मोजून कोण ओढतं?"

सेल्विनने अंगठ्याने दाराकडे दाखवलं. "आत पंचवीस जण बसलेत."

"तीन मोजा. नाही तर वॅट तेरावर आणा."

"तेरावर कोमट लागतं. काही ओढल्यासारखं वाटतच नाही."

"मग तीन."

"त्रेपन्न वर्षं आठ मोजतोय मी," सेल्विन म्हणाला. "आता तीन?"

आत ओवेनने काठी वाजवली.

स्तोत्र सुरू झालं. सेल्विनने आठात श्वास भरला आणि तुकडा उचलला. चौथं माप गेलं. पाचवं गेलं, जिथे हिवाळ्यात दम तुटला होता. रूथने स्वतःचं वाद्य मांडीवर ठेवलं. सहाव्या मापाच्या मध्यावर सूर थरथरला आणि तुटला. फक्त दोन ठोके राहिले होते.

ओवेनने काठी खाली ठेवली.

"हिवाळ्यापेक्षा एक माप पुढे गेलात," तो म्हणाला.

"सात आठवड्यांत एक माप."

"रूथ, या वर्षी तू वाजव."

रूथने मान डोलावली. सेल्विनकडे बघितलं नाही. उरलेल्या तालमीत त्याने दुसऱ्या युफोनियमचे सूर वाजवले, एकही न चुकवता.

तालीम सुटली तेव्हा डोंगरावर ऊन अजून होतं. मागच्या दाराशी तो एकटा उभा राहिला. डाव्या खिशात डबी, उजव्यात यंत्र. त्याने यंत्र काढलं. आकडा बघितला, अठरा. ओठांना लावलं. एक. दोन. तीन. थांबला. त्या तिनाला थांबणं सहा मापांपेक्षा अवघड गेलं.

पुदिना. नुसता पुदिना. जळकं काही नाही.

त्याने पुन्हा ओढून बघितलं. पुन्हा पुदिना. जळकं लागलं असतं तर आज त्याने डबी उघडली असती, आणि कोणी काही म्हणालं नसतं.

"हरामखोरा," तो यंत्राला म्हणाला, "आजच चालायचं होतं तुला?"

डोरीन गाडीत वाट बघत होती. त्याचं तोंड बघूनच तिला काय ते कळलं. तिने फक्त डाव्या खिशाकडे बघितलं.

"उघडलीस?"

"कारणच ठेवलं नाही या मेल्याने."

तो आत बसला आणि दार इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला. डोरीनचा जीव भांड्यात पडला.