उद्या न म्हणण्याचा आठवडा

आमच्या दुकानात मास्तर दोन. मोठे मास्तर म्हणजे माझे वडील आणि धाकटे मास्तर म्हणजे माझा नवरा. नावं गिऱ्हाइकांनी पाडलेली. मीसुद्धा रागात असले की नवऱ्याला धाकटे मास्तर म्हणते, म्हणजे जवळजवळ रोजच. काज-बटण करणं, इस्त्री मारणं, गिऱ्हाइकांची बोलणी खाणं आणि या दोघांना सांभाळणं, एवढं माझ्याकडे. पाटीवर माझं नाव नाही, पण पाटी पुसते मीच.

तर या धाकट्या मास्तरांना पन्नाशी उलटल्यावर एक खूळ लागलं. कोटाच्या ट्रायलला आलेला कोणीतरी बाकावर एक मासिक विसरून गेला. त्यात लिहिलं होतं की माणसाने दर आठवड्याला स्वतःला एक नवं आव्हान द्यावं, म्हणजे आयुष्याला गंज चढत नाही. गंज चढलाय तो कात्रीला, धार लावून आणा, असं मी महिनाभर कानीकपाळी ओरडत होते, ते राहिलं बाजूला. यांनी ते पान फाडून आरशाच्या कडेला अडकवलं आणि सोमवारपासून सुरुवात केली.

पहिला आठवडा गार पाण्याने अंघोळीचा. यांच्या किंकाळ्या ऐकून खालच्या मजल्यावरची बाई वर विचारायला आली, सगळं ठीक आहे ना, आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मीच आत जाऊन यांना मारत होते. दुसरा आठवडा सगळी कामं डाव्या हाताने करण्याचा. कात्रीला डावा हात लावलात तर उजवाही शिल्लक ठेवणार नाही, असं मी बजावलं, तेव्हा यांनी तो प्रयोग जेवणावर केला आणि शर्टाची वाट लावली. मग मौनाचा आठवडा. बँकेतल्या एका साहेबांना हातवाऱ्यांनी सांगायला गेले की कमरेत पॅन्ट सैल करावी लागेल, आणि साहेबांना वाटलं मास्तर आपल्या पोटाची नक्कल करतायत. मग न बसण्याचा आठवडा. पायमशीन उभ्याने चालवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, मी पाहिलाय, आणि देवाने तो पुन्हा दाखवू नये.

एक मात्र खरं, यातलं एकही आव्हान बुधवारच्या पुढे गेलं नाही. बुधवारी संध्याकाळी मासिकातल्या पानाकडे पाठ फिरवून हे गुपचूप बसायचे, आणि रविवारी पुन्हा नवं काहीतरी काढायचे. मी नुसती टिंगल करत होते असं नाही. बुधवारी यांचा चेहरा इतका पडायचा की मला वाईट वाटायचं. एकदा तरी शनिवार गाठू दे या माणसाला, असं मनात यायचं.

एका रविवारी यांनी जाहीर केलं, "या आठवड्यात एकही खोटं बोलायचं नाही."

मी हातातली चादर टाकून हसत सुटले. शिंपी आणि खरं बोलणार. अहो, शिंप्याचं दुकान चालतं कशावर? उद्यावर. कधी मिळेल? उद्या. कापड अजून पिशवीतून बाहेर काढलेलं नसतं, तरी उद्या. हे बाबांनीच यांना शिकवलेलं. यांनी शिवणकामाचं पहिलं अक्षर बाबांच्याच हाताखाली गिरवलं, आणि लग्न होऊन जावई झाले तरी यांच्या तोंडी सासऱ्यासाठी 'मास्तर'च राहिलं. बाबा सांगायचे, गिऱ्हाइकाला तारीख दिली की ते त्या तारखेला भांडायला येतं, उद्या सांगितलं की नुसतं येतं. येऊ दे, बसू दे, चार गोष्टी बोलू दे.

हसता हसता मी एकदम थांबले. मला आमचं रोजचं संध्याकाळचं खोटं आठवलं.

बाबांच्या हातची तुरपाई म्हणजे काय सांगू. पॅन्टचा नाहीतर झग्याचा खालचा काठ दुमडून हाताने घालायची ती शिवण. बाबांची बाहेरून दिसायची नाही. काठ उजेडात धरा, फिरवा, टाका सापडला तर शपथ. पण डोळ्यांची ऑपरेशनं झाली, चष्म्याचा नंबर वाढत गेला, बोटं थरथरायला लागली. आता त्यांचे टाके रस्त्याच्या पलीकडून मोजता येतील असे. तरी रोज सकाळी बाबा दोन जिने उतरून दुकानात येणार, खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार, सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान घालून दिवसभर तुरपाई करणार. संध्याकाळी निघताना विचारणार, ठीक आहे ना? मग धाकटे मास्तर ते कापड उजेडाला धरणार आणि म्हणणार, "मास्तर, बघायचं काय त्यात." बाबा ताठ मानेने घरी जाणार. मग आम्ही शटर अर्धं ओढून घ्यायचो. मी बाबांचे टाके उसवायचे आणि यांनी नवे घालायचे. दोन वर्षं हे चाललं होतं. मला ज्याचा कंटाळा आला नाही असं दुकानातलं हे एकमेव काम.

मी यांना स्पष्ट विचारलं की बाबांना काय सांगणार. यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं, तोंड बघण्यासारखं झालं. मग म्हणाले, बघू. मी म्हटलं बघू नका, बाबांच्या बाबतीत काही बोललात तर माझ्याशी गाठ आहे. त्या खुर्चीवर त्यांचा जीव आहे, ती गेली तर ते अंथरूण धरतील.

सोमवार उजाडला. पहिलीच आली ती कोपऱ्यावरच्या शाळेतली बाई. झगा कधी मिळेल विचारलं. यांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि सांगितलं की पुढच्या गुरुवारी, तेही वीज गेली नाही तर. बाईंना घाम फुटला. दुकान बंद करताय का, तब्येत बरी आहे ना, घरात काही झालंय का, सगळं विचारून झालं. जाताना माझा हात हातात घेऊन धीर देऊन गेल्या. दुपारी बँकेतले साहेब आले आणि आरशासमोर पोट आत ओढून म्हणाले, कोटात बारीक दिसतोय ना? हे म्हणाले, श्वास सोडेपर्यंत. मंगळवारी एकजण कापड घेऊन समोरच्या शिंप्याकडे गेला आणि तासाभरात परत आला. समोरच्याने उद्या सांगितलं म्हणे, विश्वास बसेना. दोन दिवसांत गल्लीभर झालं की धाकटे मास्तर खरं बोलतायत. लोक कामाशिवाय यायला लागले. नुसतं आपल्याबद्दल विचारून बघायला.

आणि संध्याकाळी बाबा निघताना यांनी काय करावं? टाचण्या तोंडात धरल्या. शिंपी माप जुळवताना टाचण्या ओठात धरतो, तेव्हा त्याला बोलता येत नाही, हे बाबांना वेगळं सांगायला नको. बाबांनी विचारलं, ठीक आहे ना? यांनी हूं केलं. मंगळवारी पुन्हा टाचण्या. बुधवारी बाबा थोडा वेळ थांबले, या टाचण्या संपतील म्हणून. यांनी डबीतून आणखी चार घेतल्या. मूग गिळून बसलेली माणसं मी पाहिली होती, टाचण्यांवर निभावणारा हा पहिलाच. एक जरी पोटात गेली असती तर डॉक्टरला काय सांगायचं होतं?

बुधवार गेला. गुरुवार उजाडला आणि हे अजून खरंच बोलत होते. चेहऱ्यावर अशी चमक की लग्नातसुद्धा नव्हती. मला काही सुचेना. एकीकडे वाटायचं, गाठतोय बिचारा शनिवार. दुसरीकडे बाबा चष्मा पुसून यांच्याकडे बघायचे तेव्हा मी मध्ये पडायचे. मी बाबांना सारखी कुठे ना कुठे धाडत होते. दोरा आणा, बटणं आणा, घरी जाऊन गॅस बंद आहे का बघून या. म्हाताऱ्या माणसाला मी जिने चढायला लावत होते, आता आठवलं की माझाच राग येतो.

शनिवारी सकाळी हे चहा पीत होते. तोंड मोकळं. मी इस्त्री तापवत होते. बाबांनी मांडीवरची पॅन्ट बाजूला ठेवली, खुर्ची यांच्याकडे वळवली.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "तुमचा आठवडा आज संपतो असं ऐकलं. संपायच्या आत विचारून घेतो. माझी तुरपाई कशी असते?"

मी इस्त्री आपटली. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी सांगायचं तेवढं सगळं सांगितलं. यांनी कप खाली ठेवला, टाचण्यांच्या डबीकडे हात नेला आणि तो तिथेच थांबला.

"दिसते, मास्तर," हे म्हणाले. "बाहेरून दिसते. आम्ही रोज उसवतो. ही उसवते, मी परत घालतो."

मला रडू फुटलं, लपवायचा प्रयत्नही केला नाही मी. बाबांनी बोटातलं अंगुस्तान फिरवलं.

"म्हणजे माझ्यावाचून दुकान अडत नाही?"

"नाही, मास्तर."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

आणि बाबांचा पारा जो चढला. लग्नापासून यांना अहोजाहो करणारे बाबा एकदम जुन्या दिवसांतल्यासारखे एकेरीवर आले. "मूर्खा, मग दोन वर्षं मी गुडघे चोळत हे जिने कशासाठी उतरतोय? मला वाटलं तुम्हाला माणूस मिळत नाही, पोरीची ओढाताण होते. डोळ्यांतून पाणी गळतं, पाठ धरते, पण म्हटलं मी बसलो घरी तर यांचं कसं होणार. कंटाळा आला रे मला तुरपाईचा. ऑपरेशन झालं त्याच दिवशी आला होता."

मी पदराने डोळे पुसता पुसता थांबले. म्हणजे आम्ही त्यांच्यासाठी उसवत होतो आणि ते आमच्यासाठी शिवत होते. कपाळाला हात लावावा की हसावं, काही कळेना. बाबांनी अंगुस्तान काढून डब्यात टाकलं, चपला घातल्या आणि भर सकाळी घरी जाऊन झोपले.

यांचा शनिवार पार पडला. पहिल्यांदाच. मी अभिनंदन केलं नाही, दोन दिवस बोललेही नाही. बाबा दमले होते हे या माणसामुळे कळलं, हे मला पटत होतं, पण खिडकीजवळची ती रिकामी खुर्ची बघवत नव्हती. संध्याकाळी उसवायला काही नसायचं. मी नुसती इस्त्रीच्या टेबलावर हात टेकून उभी राहायचे, आणि हे म्हणायचे, चला निघू या. बाबांशिवाय दुकान अडत नव्हतं, हे शंभर टक्के खरं. मला मात्र करमत नव्हतं, आणि हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

बाबा बागेत जायला लागले. त्यांचे एक जुने मित्र तिथे बसतात. घरी आले की बाबा जेवणावर बसून तक्रार करायचे की तो माणूस सकाळी पोटाबद्दल बोलतो आणि संध्याकाळी पुन्हा पोटाबद्दलच बोलतो. तिसऱ्या दिवशी बागेतून लवकर परत आले, गॅलरीत उभे राहून बराच वेळ दुकानाच्या दिशेने पाहत होते. मी बघितलं. काय बोलणार, या म्हटलं तर पुन्हा कामाला बोलावल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात काउंटरच्या बाहेर कोणी तरी खाकरलं. बघते तर बाबा. हातात पिशवी. आत नाही आले, गिऱ्हाइकाच्या बाजूलाच उभे राहिले आणि पिशवीतून राखाडी कापड काढून काउंटरवर ठेवलं. कोट शिवायचाय, म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांना कोट शिवून दिले, स्वतः मात्र दुसऱ्याने शिवलेला कधी घातला नाही.

यांनी टेप गळ्यातून काढला. बाबांनी दोन्ही हात वर केले, जसे ते हजारो लोकांना करायला सांगत आले. यांनी मागून खांदा मोजला आणि तोच पुन्हा मोजला. मी माप लिहून घेत होते, पण मला अक्षर दिसत नव्हतं. ओठात टाचण्या धरून हे शांतपणे सगळं करत राहिले. शेवटी बाबांनी हात खाली घेतले, बाकावर बसले, पाय लांब केले आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारलं, "कधी मिळेल?"

यांनी एक एक टाचणी ओठातून काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचली. घाई केली नाही. मग म्हणाले, "उद्या, मास्तर."

बाबांनी यांच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, समोरच्या खिडकीतून रस्ता बघत बसले आणि शाळेतल्या बाई आल्या तेव्हा त्यांच्याशी गप्पा मारत संध्याकाळपर्यंत थांबले.

दुसऱ्या दिवशी कोट तयार नव्हता. बाबा यांच्याशी भांडले, चहा प्यायले, बाकावर बसले आणि उद्या येतो म्हणून गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. गल्लीतल्यांना वाटतं धाकटे मास्तर सासऱ्याला छळतायत, आणि बँकेतल्या साहेबांनी तर यांना बाजूला घेऊन समजावलं. कापड वरच्या फळीवर घडी घालून ठेवलंय. वेळेवर शिवलात तर खबरदार, असं मी यांना सांगितलंय, आणि यांनी या आठवड्याचं आव्हान म्हणून तेच घेतलंय. आज बाबा अजून आलेले नाहीत. बाक मी पुसून ठेवलाय.