पेंटरभाऊचा दुसरा राक्षस

आधी तो धोतराच्या सोग्यानं डब्याचं भिंग पुसे. मंग पाहनाऱ्याची मुंडी धरून भिंगाले लावे अन म्हने, "तुमाले काय समजते यातलं? नुसतं पाहा!"

स्वराज्य येऊन आठ-दहा वर्सं झाली असतीन. आमच्या अमरावतीच्या गल्लीत तो दुकानाच्या पाट्या रंगवे, म्हनून सारे त्याले पेंटरभाऊ म्हनत. त्यानं एक लाकडी डबा केला होता. आत कागदावर चित्रं, एकामागं एक, जराजरा फरकाची. बाहेरून दांडा फिरवला का राक्षस चालाले लागे, जीभ काहाडे, राजाच्या पोरीले उचलून ने. चांदूरच्या आठोडी बाजारात हे झुंबड! तुमी असते तं तुमीबी दोनदा पाह्यलं असतं.

शेवटी राक्षस मरे. लोक इचारत, "पुढं काय?" झालं, त्याच्या डोक्यात हवा गेली. मेलेल्या राक्षसाले त्यानं एक भाऊ काहाडला. त्याले मिशा देल्या त्या गल्लीतल्या सोनाराच्या, कावून का त्या सोनारानं याच्या पाटीले नावं ठेवली होती. नवी गोष्ट सात भागायची, दर बाजारी एक. पेंटरभाऊची बायको म्हने, "राक्षसाले चौदा दात लावले या मानसानं, पन घरच्या कवाडाले कडी नाही लावली."

माहा नवरा कापसाच्या गाडीखाली गेला होता. घरात दोन पोरी. चिंचोक्याची खय शिजवून मी पेंटरभाऊचे कागद चिकटवत होती. त्याच्याच ज्वारीवर आमची चूल पेटे.

आता खेड्यातला मानूस दर बाजारी येते का? वावरात काम असलं का नाही येत. दुसरा भाग पाहाले येनाऱ्यानं पहिला पाह्यलेलाच नसे. "हा कोन? राक्षस तं मेला ना?" पेंटरभाऊ चिडे. मले म्हने, "बाई, तुमी बाजूले बसा. मांगची गोष्ट सांगा लोकायले. थोडक्यात."

थोडक्यात मले कुठं येते? राजाची पोरगी भाकरी थापून राह्यली, राक्षस म्हने मीठ कमी पडलं, असं माहं सांगनं. बाया टोपले खाली ठेवून बसत. आयकून झालं का घरी जात. डब्याकडं कोनी पाहे ना.

चौथ्या बाजारी तो म्हने, "आता येऊ नका. लोक माहे चित्रं पाहाले येतात, तुमची बडबड आयकाले नाही."

"बरं," मी म्हनलं. रडून ज्वारी येत नाही. मी लोकायच्या वावरात निंदाले गेली. पोरी काही दिवस कन्यायची पेज पेल्या.

वावरातल्या बाया म्हनत, "पुढं सांग वं." पुढं मले तरी कुठं माईत? पेंटरभाऊनं शेवट कोनाले दाखवलाच नव्हता. मंग मी मनचं सांगतलं. राजाच्या पोरीनं राक्षसाले मारलं नाही. त्याले पानी भराले लावलं, जात्यावर बसवलं. निंदता निंदता साऱ्या हासल्या.

त्याच बाया बाजारात पेंटरभाऊले म्हनत, "आमाले जात्यावर दयनारा राक्षस दाखवा जी." डब्यात राजाचा पोरगा तलवार घेऊन उभा. बाया नाक मुरडून निंगून गेल्या.

मंग तो माह्या दारात आला. "काय सांगतलं तुमी लोकायले?" मी सांगतलं.

"राक्षस कुठं दयते?"

"मंग चालवा तुमची तलवार."

आठ दिवसानं आला तो हातात कागदाचा गठ्ठा अन डोक्यावर ज्वारी घेऊन. "चिकटवा," एवढंच बोलला. पाह्यलं तं राक्षस जात्यावर बसलेला, मिशायले पीठ. साऱ्या बाजाराले सांगे, "माह्याच डोक्यातलं हाय!"

मी म्हनलं, "असन. पन आता मी अर्धीच गोष्ट सांगीन. बाकीची डब्यात पाहातीन लोक." तोंड वाकडं करून हो म्हनला. माह्या पोरी त्याच ज्वारीवर मोठ्या झाल्या.

पेंटरभाऊ जाऊन लय वर्सं झाली. डब्याले उधई लागली. पन डोयापुढं तोच बाजार येते. माह्या तोंडून काहीतरी नवं निंगे, तो दांडा धरून तोंड उघडं ठेवून आयकत राहे, हात थांबून जाये. अन डब्यात मुंडी घातलेला मानूस वरडे, "ओ पेंटरभाऊ! राक्षस मेला का काय? हालूनच नाही राह्यला!"