तपासणी होईपर्यंत दाखला नाही

आमची शाळा विनाअनुदानित. म्हणजे सरकारने परवानगी दिलेली, पण पगार न दिलेला. तेरा वर्षं मी तिथे मराठी शिकवलं आणि तेरा वर्षं स्टाफरूममध्ये एकच वाक्य ऐकलं, "यंदा होणार." संस्थेला जमलं तर मानधन मिळायचं, नाही तर नाही. विज्ञानाचे सर विमा विकायचे. मी सुट्टीच्या दिवशी नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर पोत्यांची वजनं लिहायचो. मला स्थळ म्हणून बघायला आलेल्या दोघांनी पत्रिका बाजूला ठेवून आधी विचारलं होतं, अनुदान कधी? आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

अनुदान पटावर अवलंबून. मुलं कमी पडली की तुकडी गेली, तुकडी गेली की शिक्षक गेला. म्हणून जूनमध्ये आम्ही मोटरसायकली काढून सातपुड्यातल्या पाड्यांवर मुलं गोळा करायला जायचो. आणखी एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे. अनुदानासाठीची तपासणी होईपर्यंत कुणालाही शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा नाही.

एका वर्षी आठवीत मीच आणलेली एक मुलगी होती. घरी मराठी नव्हे, पावरी बोली बोलणारी. पाचवीत आली तेव्हा सहा महिने माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आठवीत ती धडा असा वाचायची की मागच्या बाकावरची टारगट पोरंही गप्प व्हायची. मला तिचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा स्वतःचाही.

दिवाळीच्या तोंडावर तिचे वडील दाखला मागायला आले. घरचे सगळे ऊसतोडीला गुजरातेत निघणार होते आणि मुलीला एकटीला मागे ठेवता येत नव्हतं. खटपट करून त्यांनी आश्रमशाळेत तिच्यासाठी जागा मिळवली होती, राहण्या-जेवणासकट.

"दाखला दी द्या गुरजी, नही ते पोरले संगे लई जानं पडी," ते म्हणाले.

तपासणी आठ दिवसांवर होती आणि पट अगदी काठावर. मी सांगितलं, मुख्याध्यापक बाहेरगावी गेलेत, सोमवारी या. मुख्याध्यापक आतल्या खोलीत चहा पीत होते. सोमवारी तिचे वडील दोन जीपा बदलून पुन्हा आले, तेव्हा मी शिक्का सापडत नसल्याचं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. त्यांच्या पोरीला शिकवणारा माणूस होतो ना मी.

तपासणीला साहेब आले. मुलं मोजली, एकही कमी भरलं नाही. मग मराठीचं पुस्तक उघडून त्यांनी विचारलं, कोण वाचतंय? तीच उठली. तिचं वाचन ऐकून साहेबांनी शेऱ्यात माझ्या विषयाचा वेगळा उल्लेख केला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दाखला लिहिला, सही-शिक्का घेतला आणि तिच्या पाड्यावर गेलो. वडील अंगणात गाठोडी बांधत होते. त्यांनी कागदाला हात लावला नाही.

"तठे जागा भराई गयी गुरजी. आते हाऊ कागद लिसन काय करू?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मुलगी पोत्यात भांडी भरत होती. तिने मला पाणी आणून दिलं आणि विचारलं, "सर, आल्यावर मला परत बसू द्याल ना?" मी हो म्हणालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाखला माझ्याच खिशात राहिला, त्यामुळे पटावरचं तिचं नाव कमी झालं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, बरंच झालं. त्या वर्षी अनुदानाचा पहिला टप्पा मंजूर झाला, शाळेत पेढे वाटले गेले. मार्चपर्यंत रोज सकाळी, तिचं नाव मोठ्याने न वाचता, मी तिची हजेरी लावत होतो.