शिट्टीचा रिपोर्ट

"शिट्टीचा रिपोर्ट कुटं हाय आमचा? तीन महिने झाले!"

इथल्याच माहीम गावच्या एक काकी पालघरला आमच्या हॉस्पिटलात, रक्त घेतात त्या खिडकीशी ओरडत होत्या. रांग हसत होती. आणि मी, रक्त काढणारा, आत मान खाली घालून नळ्यांवर नावं चिकटवत होतो. ती शिट्टी काय होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, प्यायल्यावरही नाही. तुम्हाला सांगतो.

मी थापाड्या माणूस. मनोरजवळ पुरातून एका वाघाला मोटरसायकलवर मागे बसवून पार केलं, हे इतक्यांदा सांगितलंय की त्याच्या मिशा मलाच मानेवर जाणवतात. धंद्याला ते बरं पडतं — माणूस हसतो, तेवढ्यात सुई आत.

तेव्हा एका संशोधनासाठी आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांचं रक्त घेत होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हार्मोनचा निरोप कसा पोचतो, तोच निरोप गाठही ऐकते का, हे बघायचं. संमतीचा फॉर्म चार पानी, मोठ्याने वाचून दाखवायचा. पण दुसऱ्या पानावर लोक चपला शोधायला लागायचे! म्हणून मी वाचणंच सोडलं. गोष्ट सांगायचो — पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई, हार्मोन म्हणजे फौजदाराची शिट्टी. अंगठा, सही, झालं काम.

या काकींचे यजमान एकटेच आले होते. पानवेलींची वाडी करणारा माणूस. ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात, आणि शौचासाठी पोटाला पिशवी लावतील या धास्तीने ते हात सारखा मागे घेत होते. शीर सापडेना. तेव्हा मी — कुणी मागितलं होतं का? — बोलून गेलो, "काका, शिपाई शिट्टी ऐकतात असं निघालं ना, तर कापायचं कामच नाही. रिपोर्ट तर येऊ द्या."

हात थांबला. शीर मिळाली.

चौथ्या पानावर काय लिहिलं होतं, ठाऊक आहे? रुग्णाला यातला कोणताही रिपोर्ट मिळणार नाही. उपचार थांबवू नयेत.

काका रिपोर्टसाठी थांबले.

तर, आरडाओरडा ऐकून डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. काकी म्हणाल्या, "हितल्याच रक्तवाल्यानं सांगितलं ह्यांना, थांबा म्हनून." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तू बोललास?"

"मी? नाही मॅडम. फॉर्म वाचून दाखवला. शब्द न् शब्द."

एवढीच. ना पूर, ना वाघ. जन्मातली सगळ्यात लहान थाप — आणि नेमकी तीच सगळ्यांना पटली. काकींचा चेहरा उतरला. "म्हंजी भिऊन घरात बसले, आन् नाव दुसऱ्याचं!"

चार दिवसांत काका भरती झाले. आतडं बंद, गाठ यकृतापर्यंत गेलेली. काकी भेटायला येईल त्याला सांगत — खोटं बोलले हो, भित्रे निघाले. आयुष्यात कधी पान मोजताना एक कमी न देणारा माणूस, तो भिंतीकडे तोंड करून ऐकत पडलेला. पुन्हा रक्त काढायला कुणाला पाठवलं असेल? मलाच.

पट्टा बांधला. मॅडम खाटेच्या पायथ्याशी होत्या, काकी उशाशी. या वेळी मी गोष्ट सांगितली नाही. मॅडमनी हळूच विचारलं, "काका, खरं सांगा. थांबायला कुणी सांगितलं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मी बोलू शकत होतो ना? तोंड तर माझं कधी बंद नसतं. मी शीर चाचपत राहिलो.

"कोनी नाय," काका म्हणाले. "मीच भ्यालो."