जिराफाला पट्टा नसतो

आमच्या आप्पांनी उभा जन्म कांदा-बटाट्याच्या मार्केटमध्ये पाठीवर आणि मानेवर पोती वाहिली. निवृत्त होऊन ते खारघरला माझ्याकडे राहायला आले आणि मग मानेनं त्यांना त्याचा जाब विचारला. आधी उजव्या हाताला मुंग्या आल्या, मग हातातून चहाचा कप निसटायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, मानेचा चौथा-पाचवा मणका दबलाय, महिनाभर पट्टा लावा, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल. आप्पांनी मान डोलावली. डोलवू नका, असं डॉक्टर म्हणाले.

पट्टा घरी आला आणि त्याच दिवशी गायब झाला. तो मला वॉशिंग मशीनमध्ये सापडला. पुन्हा लावला, पुन्हा गेला, मग सोफ्याच्या मागे निघाला. कारण विचारलं की आप्पा म्हणायचे, "उकडतंय." एसी लावला तरी त्यांना उकडायचं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. वर्गात पोरं ऐकत नाहीत, निदान वडील तरी ऐकतील, या भाबड्या आशेनं मी एकदा जेवताना विचारलं, "आप्पा, जिराफाच्या मानेत किती मणके असतील?"

"असत्याल की पन्नास-साठ."

"सात. तुमच्या-माझ्याइतकेच."

त्यांचा घास हातातच राहिला. "काय बी सांगतीस!"

मग मला चेव आला. त्याचा एकेक मणका वीतभर लांब असतो, म्हणून मान तेवढी. डोक्यापर्यंत रक्त चढवायला काळीज दांडगं लागतं. आणि पाणी प्यायला वाकल्यावर रक्त उलटं डोक्यात उतरू नये म्हणून मानेतल्या शिरांना झडपा असतात. मान ही केवढी जपायची गोष्ट आहे हे पटवून शेवटी पट्ट्यावर यायचं, असा माझा बेत होता. आप्पांनी सगळं मन लावून ऐकलं, ताटात हात धुतला आणि म्हणाले, "येवढी मान, आन् त्यो कुठं लावतुया पट्टा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यानंतर जिराफ आमच्या घरी मुक्कामालाच आला. दुपारी जरा पडा म्हटलं की, "जिराफ झोपतुया व्हय?" तो फार थोडी झोप घेतो, तीही बरेचदा उभ्यानंच, हे मीच सांगून बसले होते. खाली पडलेली वस्तू उचलताना आप्पा दोन्ही पाय फाकवायला लागले, कारण जिराफ पाणी पिताना पुढचे पाय असेच फाकवतो. नर एकमेकांना मानेनंच हाणतात हे कळल्यावर तर त्यांनी सोसायटीच्या कट्ट्यावर असं काही व्याख्यान दिलं, की समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, "तुमचे वडील फॉरेस्टमध्ये होते का?"

एका रात्री जेवताना आमटीची वाटी त्यांच्या हातून सुटली. त्यांनी फरशी पुसली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मला खरंच भीती वाटली, आणि भीती वाटली की मी ओरडते.

तेव्हा ते बोलले. "आमच्या हमालांच्या टोळीत गड्याच्या गळ्यात पट्टा आला की गडी गावाकडं गेला. कुनी काय बोलायचं न्हाय. फकस्त त्येच्या पाठीवर पोतं द्यायचं न्हाय."

"आता कुठलं पोतं उचलायचंय तुम्हाला?"

"लोकास्नी दिसतंय की."

मी दुसरी वाटी आणून आमटी वाढली.

पुढच्या रविवारी टोळीतले दोन जुने सोबती त्यांना भेटायला यायचे होते, एक कोपरखैरण्याहून आणि दुसरे उरणला मुलाकडे राहणारे. पट्ट्याचं नावसुद्धा काढायचं नाही, असं आप्पांनी मला सकाळीच बजावलं. दोघं आले आणि तिघं सोफ्यावर बसले ते अगदी ताठ. शेजारच्याशी बोलायचं तर मान कुणीच वळवेना, अख्खा माणूस कमरेतून वळायचा. मी शिऱ्याच्या बशा दिल्या, त्याही त्यांनी हनुवटीपर्यंत वर उचलून खाल्ल्या. माझ्या काय ते लक्षात आलं, पण मी तोंड बंद ठेवलं.

गावचं पाऊसपाणी, पोरंबाळं सगळं बोलून झालं, तसा आप्पांनी जिराफ काढला. सात मणके ऐकून उरणचे काका म्हणाले, "ह्या! आन् मानसाला किती?"

"मानसाला बी सातच."

कोपरखैरण्याच्या काकांनी चमचा बशीत ठेवला. मग हळूच म्हणाले, "माजा पाचवा-सहावा गेलाय."

उरणच्या काकांनी त्यांच्याकडे बघितलं, म्हणजे कमरेतून वळले. "माजा सहावा-सातवा."

आता दोघंही आप्पांकडे वळले. आप्पांनी हळूच कबूल केलं, "चवथा-पाचवा."

"म्हंजी चवथ्यापासनं खालची समदी लाइन आपल्याच टोळीची की रं!" उरणचे काका म्हणाले, आणि तिघं असे खदाखदा हसायला लागले की आणखी एखादा मणका जाईल म्हणून मीच घाबरले.

हसू ओसरल्यावर कोपरखैरण्याच्या काकांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला पट्टा काढला. उरणच्या काकांचा त्यांच्या पिशवीत छत्रीच्या खाली होता. "तुमच्या लिफ्टमदी काडला," ते म्हणाले. दोघांनी एकमेकांचे पट्टे बांधले. आप्पा उठून आत गेले, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून आपला पट्टा घेऊन आले आणि माझ्यापुढे पाठ करून उभे राहिले.

"बांद. जरा घट."

मी बांधला. मला रडू आवरेना. पण त्यांची पाठ माझ्याकडे होती, आणि मान वळवून बघायची आता त्यांची सोय राहिली नव्हती.