भुवनेश्वरची दूरची लेन्स

नागरा गावचा भुवनेश्वर तुरकर, माझा शेजारी, धानाची शेती करायचा आणि उरलेल्या वेळात शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पालथा पडून सारस पक्ष्यांचे फोटो काढायचा. २०११ साली त्याने कॅमेऱ्यासोबतची छोटी लेन्स विकली आणि स्वस्तातली, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घेतली. "अरे, एक तरी जवळची लेन्स ठेव," मी बजावलं होतं.

"जवळचं तं डोळ्यानं दिसते, मॅडम," म्हणून तो हसला.

त्याच हिवाळ्यात त्याची बायको फुलवंता खाटेला खिळली. एका सकाळी तिला जरा हुशारी वाटली. मुलगी रिंकी पुण्यात नोकरीला होती. तिने पहिल्या पगारातून पाठवलेली साडी फुलवंताने नेसली आणि ती उशीला टेकून बसली.

"फोटो काढा. पायापर्यंत साडी दिसली पायजे, रिंकीले पाठवाचा आहे."

मी तिथेच होते. खोली लहान; लेन्समध्ये नुसता चेहरा मावत होता. भुवनेश्वर मागे सरत दाराबाहेर गेला, मग अंगणात उतरला.

"रिंकीचे बाबा, एवढे दूर काऊन जाऊन राहिले? मी का सारस आहो?"

"बस, दोन पावलं. हलू नोको."

तो कुंपणाला टेकून बटण दाबतो तोवर ती थकून आडवी झाली होती. "उद्या काढू," म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

रिंकी आली. कॅमेऱ्यात अंधारं दार होतं आणि साडीचा पुसट काठ.

"बाबा, आई कुठं आहे याच्यात?"

भुवनेश्वरने बोट ठेवून जागा दाखवली.